‘केस तेवढे सरळ करून घ्या’: एका आईच्या प्रश्नाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपली मुलगी पंचवीस वर्षांची आहे, नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रात नोकरी करते, रंगाने सावळी आहे आणि तिचे केस लहानपणापासून दाट व कुरळे आहेत. एका चांगल्या स्थळाकडून होकार आला, पण त्यासोबत मुलाच्या आत्याबाईंनी निरोप धाडला की साखरपुड्याआधी केस तेवढे सरळ करून घ्या, म्हणजे फोटो चांगले येतील. आपण पार्लरमध्ये चौकशी करून तारीखही ठरवली, आणि मुलीने ठाम नकार दिला. तिचे म्हणणे असे की अमेरिकेत काळ्या स्त्रियांना जे ऐकावे लागते तेच मला इथे ऐकवले जात आहे, हा वंशभेद आहे. तिच्या वडिलांचे म्हणणे असे की गोष्ट चार केसांची आहे, अमेरिकेचे भांडण आपल्या घरात कशाला. ही प्रक्रिया निर्धोक आहे का आणि दोघांपैकी बरोबर कोण, असे दोन प्रश्न आपण मला विचारले आहेत. जाता जाता मुलीच्या कानशिलांजवळचे केस विरळ झाल्याचेही आपण लिहिले आहे.

नागपुरात त्वचा आणि केस यांच्या विकारांवर उपचार करताना मला आता अठ्ठावीस वर्षे होत आली. आपला पहिला प्रश्न माझ्या विषयातला आणि दुसरा विषयाबाहेरचा, असे मला पूर्वी वाटले असते. आता वाटत नाही, कारण टाळू भाजून आलेल्या मुलीला मलम लिहून देताना ती टाळू कोणाच्या सांगण्यावरून भाजली हे समजून घेतल्याशिवाय उपचार पुरा होत नाही, असे मी वारंवार पाहिले आहे. म्हणून आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते.

केस कुरळा का असतो, हे प्रथम स्पष्ट व्हायला हवे. केस त्वचेतील ज्या रोमकुपातून उगवतो तो सरळ उभा असेल तर केस साधारण गोल आणि सरळ निघतो. रोमकूप वाकडा असेल तर केस चपटा, लंबगोल होतो आणि वळत वाढतो. टाळूवरचे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते, तर कुरळ्या केसाच्या प्रत्येक वळणावर ते अडते, त्यामुळे कुरळा केस टोकाशी कोरडा राहतो, पिंजारतो आणि दमट हवेत फुलतो. त्यात अस्वच्छता नाही, आळस नाही आणि स्वभावाची खूण तर अजिबात नाही. कुरळ्या केसांची मुलगी तापट असते असे आपल्याकडे अजून बोलले जाते, आणि ते मी सुशिक्षित घरांतही ऐकते.

या वळणावरून माणसाचा वंश ठरवता येत नाही. कुरळे केस आफ्रिकेत आहेत, मेलानेशियाच्या बेटांवर आहेत, अंदमानात आहेत आणि आपल्या विदर्भातही घरोघरी आहेत. त्यांमागची जनुके सगळीकडे एकच नाहीत. आपल्या भागातल्या वाचकांना सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे उदाहरण लगेच पटेल. हा आजार आफ्रिकेत आहे आणि विदर्भातही आहे, पण म्हणून दोन्हीकडची माणसे एका वंशाची ठरत नाहीत. त्यामागचा जनुकबदल मलेरियापासून काही संरक्षण देतो, म्हणून जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या राहिला तिथे तिथे तो टिकून राहिला, एवढेच त्याचे कारण. शरीराच्या एका खुणेवरून माणसांचे गट पाडले की असे गट पडतात, जे दुसरी खूण घेतली की मोडतात.

तरीही असे गट पाडले गेले, आणि ते पाडताना केसांवर विशेष भिस्त ठेवली गेली. एकोणिसाव्या शतकातील काही युरोपीय अभ्यासकांनी सरळ केसांचे आणि लोकरीसारख्या केसांचे अशी मानवजातीची मूळ विभागणीच करून टाकली होती. आपल्या यजमानांना हे अमेरिकेचे भांडण वाटते, म्हणून मुद्दाम नागपूरचाच दाखला देते. आपल्या शहरातील हिस्लॉप कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ साली वारले. त्यांनी या भागातील गोंडांचे जे वर्णन लिहून ठेवले, त्यात डोके, नाकपुड्या, ओठ आणि केस यांची नोंद आहे, चेहरेपट्टी कुरूप असल्याचा शेरा आहे, आणि मध्य भारतातील आदिवासींचे केस लोकरीसारखे असतात हा समज चुकीचा आहे, आपण हजारो माणसे पाहिली पण आफ्रिकी माणसासारखे केस एकाचेही आढळले नाहीत, असा निर्वाळाही आहे. नागपूर ज्या मध्य प्रांताची राजधानी होते, त्या प्रांतातील जातीजमातींवर आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला, त्यात हे वर्णन पुन्हा छापले गेले. म्हणजे अमेरिकेतल्या कोणत्याही चळवळीची बातमी इथे पोहोचण्याच्या कितीतरी आधी आपल्याच गावाच्या आसपासच्या माणसांचे केस वंशाच्या प्रश्नासाठी तपासून झाले होते. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी तर नाकाची मापे घेऊन असे मांडले की नाक जितके रुंद तितकी जात खालची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिताना अशाच मापांचा आधार घेऊन उलट दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे भिन्न वंशांचे नाहीत.

आता अमेरिकेकडे वळू, कारण आपल्या मुलीने तिकडचा दाखला दिला आहे आणि तो नीट माहीत असलेला बरा. १७८६ साली लुइझियानात, तेव्हा तो स्पॅनिश अमलाखालचा मुलूख होता, गव्हर्नर मिरो यांनी फर्मान काढले की गुलामीतून मुक्त असलेल्या काळ्या व मिश्रवंशीय स्त्रियांनी केस कापडाने बांधून झाकावेत. या स्त्रियांची केशभूषा गोऱ्या स्त्रियांच्या तोडीची दिसू लागली होती, ही त्यामागची अडचण होती. त्या स्त्रियांनी फर्मान पाळले, पण इतकी सुंदर, रंगीत कापडे इतक्या डौलाने बांधली की ती खूणच मिरवण्याची गोष्ट झाली. पुढे गुलामी कायद्याने संपली, पण काळ्या समाजातच ‘चांगले केस’ आणि ‘वाईट केस’ असे शब्द रुळले. चांगले म्हणजे गोऱ्यांसारखे सरळ. १८६७ साली जन्मलेल्या मॅडम सी. जे. वॉकर यांनी काळ्या स्त्रियांच्या केसांसाठी तेले आणि मलमे विकून मोठा उद्योग उभारला व हजारो स्त्रियांना रोजगार दिला. त्या केस सरळ करायला शिकवतात असा आरोप त्यांच्यावर झाला, आणि आपण केस निरोगी ठेवायला शिकवतो असे त्या सांगत राहिल्या. हा वाद आजही मिटलेला नाही, आणि त्यातल्या कोणत्याही स्त्रीला दोष द्यावा असे मला वाटत नाही.

दक्षिण आफ्रिकेत तर केसांवर माणसाचे हक्क तोलले गेले. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाचा वंश कागदावर नोंदवणे सक्तीचे झाले, आणि जिथे रंगावरून निर्णय होईना तिथे अधिकारी केसांत पेन्सिल खोचून पाहत. पेन्सिल घसरून पडली तर माणूस गोरा, अडकून राहिली तर नाही. सँड्रा लेंग नावाच्या मुलीचे आईवडील दोघेही गोरे होते, पण तिचा रंग गडद आणि केस घट्ट कुरळे होते. १९६६ साली, ती दहा वर्षांची असताना, तिला गोऱ्यांच्या शाळेतून काढून पोलिसांसोबत घरी पाठवण्यात आले. त्याच देशात २०१६ साली प्रिटोरियातील मुलींच्या एका शाळेत विद्यार्थिनींना आपले नैसर्गिक केस ‘नीटनेटके’ करण्याच्या सक्तीविरुद्ध आंदोलन करावे लागले, तेव्हा वर्णभेदी राजवट संपून बावीस वर्षे झाली होती.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते अमेरिकेतील एक न्यायालयीन प्रकरण. अलाबामातील मोबील शहरात २०१० साली एका काळ्या तरुणीला नोकरी मिळाली, आणि बटांच्या लड्या (ड्रेडलॉक्स) कापायला तिने नकार दिल्यावर ती नोकरी काढून घेण्यात आली. २०१६ साली अपील न्यायालयाने तिच्या विरोधात निकाल दिला. त्यामागचा विचार थोडक्यात असा होता की कायदा माणसाला न बदलता येणाऱ्या गोष्टींसाठी संरक्षण देतो. त्वचेचा रंग बदलता येत नाही, केशरचना मात्र बदलता येते. आपल्या यजमानांचे ‘चार केसांची गोष्ट’ हे म्हणणे हाच विचार आहे. वरवर तो किती रास्त वाटतो पाहा.

माझा अनुभव मला याच्या नेमके उलट सांगतो. केस बदलता येतात म्हणूनच ते स्त्रीच्या विरोधात वापरता येतात. मुलीला तोंडावर ‘रंग बदलून ये’ असे आज कोणी म्हणत नाही, कारण ते अशक्य आहे आणि म्हणणाऱ्यालाच कमीपणा येतो. केसांबाबत मात्र सहज म्हणता येते, कारण उपाय आहे, पार्लर आहे, पैसे मोजले की चार तासांत काम होते. आणि मग जिने ते केले नाही ती हट्टी, अव्यवस्थित किंवा समंजसपणा नसलेली ठरते. ज्या गोष्टीत तिचा काही दोष नव्हता, ती तिच्या वागणुकीतली उणीव होऊन बसते. आत्याबाईंना आपण मुलीच्या रंगाविषयी बोलतो आहोत असे वाटलेही नसेल. पण सावळ्या मुलीचे कुरळे केस आणि गोऱ्या मुलीचे कुरळे केस आपल्या लग्नाच्या बाजारात एका नजरेने पाहिले जात नाहीत. गोऱ्या मुलीच्या कपाळावर रुळणाऱ्या कुरळ्या बटांचे कौतुक होते. सावळ्या मुलीच्या त्याच बटांना ‘झिपऱ्या’ म्हणतात, आणि माझ्या खोलीत आईच्या तोंडून मुलीसमोर तो शब्द उच्चारला गेल्यावर मुलीची मान खाली गेलेली मी पाहिली आहे.

आपल्या भाषेतले हे शब्द जरा थांबून पाहण्यासारखे आहेत. घरंदाज बाईला केस असतात, भांडणातल्या बाईला झिंज्या असतात, रस्त्यावरच्या पोरीला झिपऱ्या असतात. साधूच्या डोक्यावर जटा असते आणि तिला नमस्कार घडतो. तोच गुंता बाईच्या डोक्यात झाला की ‘जट आली’ म्हणतात, देवीचा कोप म्हणतात, कात्री लावायला घाबरतात, आणि कित्येक मुली त्या एका गुंत्यापायी देवीला सोडल्या गेल्या. वैद्यकीयदृष्ट्या ती न विंचरलेल्या, न धुतलेल्या केसांची घट्ट गाठ असते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गेली कित्येक वर्षे स्त्रियांची समजूत घालून या जटा सोडवत आले आहेत, आणि मान वर करता न येणाऱ्या बाईचे ओझे उतरताना पाहणे ही मोठी गोष्ट आहे.

केस आणि दर्जा यांचा संबंध आपल्याकडे किती जुना आहे हे सांगायला विधवांचे केशवपन पुरेसे आहे. ब्राह्मण आणि तत्सम घरांत नवरा गेला की बाईचे केस उतरवले जात, कारण त्या केसांवर तिचा स्वतःचा हक्क आहे असे कोणी मानलेच नव्हते. १८९० साली मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांच्या केसांना वस्तरा न लावण्याचा निर्धार केला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच नकार दिला, ही घटना मला आजही फार मोलाची वाटते. महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी आयुष्य वेचणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांचेही केशवपन झाले होते. पुढे त्यांनी ते थांबवून केस राखले, तेव्हा त्यांना स्वकीयांचीच टीका सोसावी लागली. आणि १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले की लुगडे नेसण्याची विशिष्ट पद्धत आणि गळ्याहातातले चांदीचे ठळक दागिने टाकून द्या, कारण त्यांवरून तुमची जात ओळखली जाते. बाईचे शरीर आणि त्यावरचा साज ही इतरांसाठी वाचायची पाटी असते, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

म्हणून आपल्या मुलीचे म्हणणे मुळात खरे आहे. फक्त ‘वंशभेद’ या शब्दाविषयी माझे थोडे वेगळे मत आहे, आणि इथे आपल्या यजमानांच्या शंकेला काही जागा आहे. अमेरिकेतील काळ्या स्त्रीमागे गुलामीची अडीचशे वर्षे उभी आहेत. ती आपल्या मुलीमागे नाहीत, आणि त्यांचे दुःख उसने घेऊन आपले सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे जे आहे ते रंग, जात, पैसा आणि लग्न यांच्या एकत्र गाठीतून आले आहे. मराठीत ‘वर्ण’ या एकाच शब्दाचे रंग आणि चातुर्वर्ण्यातला वर्ण असे दोन्ही अर्थ होतात, म्हणून मी याला वर्णभेद म्हणेन.

शुद्ध अर्थाने वंशभेद आपल्या शहरात होतच नाही असे मात्र नाही, आणि ही गोष्ट आपल्या मुलीनेही ऐकावी. काही वर्षांपूर्वी शिक्षणासाठी नागपुरात आलेली एक आफ्रिकी विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. तिच्या टाळूवर कोंड्याचा त्रास होता आणि त्यावर औषध सोपे होते. पण ती बोलू लागली तेव्हा कळले की घरमालकीण तिला विचारते की तू केस धुतेस का, बसमध्ये अनोळखी बायका तिच्या वेण्यांना न विचारता हात लावून पाहतात, आणि दोन पार्लरांनी तिला दारातूनच परत पाठवले. त्या बारीक वेण्या तिच्या बहिणीने निघण्याआधी अख्खा दिवस बसून घातल्या होत्या, आणि त्या सोडल्या तर पुन्हा घालणारे इथे कोणी नाही म्हणून ती खाज सोसत होती. मी तिला वेण्या न सोडता, बाटलीला लांब तोटी लावून, भांगाभांगांतून औषध टाळूपर्यंत कसे पोहोचवायचे ते दाखवले. जाताना तिने सांगितले की या शहरात तिच्या डोक्याला परवानगी विचारून हात लावणारी मी पहिलीच. ज्या घरांत आपल्या मुलीचे केस खटकतात, त्याच घरांत ही मुलगी पाहुणी म्हणून गेली असती तर काय झाले असते, याचा विचार मी अनेकदा करते.

आणखी एक धागा आहे. आपल्या गल्लीत केस घेऊन फुगे किंवा भांडी देणारा माणूस येत असेल. फणीत निघालेले केस कागदात गुंडाळून ठेवून त्याला देताना मी माझ्या आजीला पाहिले आहे. हे गळालेले केस कर्नाटकातील कोप्पळसारख्या ठिकाणी जातात. तिथे स्त्रिया बसून ते एकेक सोडवतात, लांबीप्रमाणे लावतात, आणि तिरुपतीला वाहिलेल्या केसांप्रमाणेच तेही गंगावणे आणि टोप बनवण्यासाठी परदेशी जातात. ते विकत घेणाऱ्यांत अमेरिकेतल्या आणि आफ्रिकेतल्या काळ्या स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत, आणि ‘भारतीय केस’ हे तिथे उत्तम मालाचे नाव आहे. तिथल्या एका मुलीला सांगितले जाते की तुझे केस भारतीय बाईसारखे हवेत, आणि इथल्या भारतीय मुलीला सांगितले जाते की तुझे केस असे नकोत. दोन्हीकडे पैसे मुलीच्याच घरातून जातात.

आता प्रक्रियेविषयी. केसाला आकार देणारे गंधकाचे बंध रसायनाने तोडायचे, इस्त्रीने केस सरळ ताणायचा आणि दुसऱ्या रसायनाने बंध नव्या जागी पक्के करायचे, हे रिबॉन्डिंगचे तत्त्व आहे. रसायन टाळूला लागले किंवा जास्त वेळ राहिले तर त्वचा भाजते आणि केस मुळाशी तुटतात. मागच्या लग्नसराईत हळदीच्या चार दिवस आधी एक मुलगी माझ्याकडे आली. तिच्या मानेच्या वर, केसांच्या कडेला, रुपयाच्या नाण्याएवढे दोन ओले चट्टे होते, आणि भिंगाखाली पाहिले तर भोवतीचे केस जुन्या ब्रशच्या दात्यांसारखे वेगवेगळ्या उंचीवर तुटले होते. तिला झोंबत होते तेव्हा तिने सांगितले होते. ‘थोडे सहन कर, लग्न आहे ना’ असे उत्तर मिळाले. तिची आई भिंतीशी उभी होती आणि एक शब्द बोलली नाही.

केराटिन किंवा स्मूदनिंग म्हणून जे केले जाते, त्यातील काही द्रव्यांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, आणि हा वायू कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. बंद वातानुकूलित खोलीत मुलगी तो दोन तास श्वासात घेते, आणि तिथे काम करणारी पोरगी रोज घेते. तिची चौकशी कोणी करत नाही. ‘फॉर्मल्डिहाइड नाही’ असे लिहिलेल्या बाटल्यांत पुष्कळदा ग्लायऑक्सिलिक आम्ल असते. २०२४ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिने असे द्रव्य वापरून तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. अमेरिकेत ३३,४९७ स्त्रियांच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष २०२२ च्या ऑक्टोबरात आले: केस सरळ करणारी रसायने कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांना वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असावे असा अंदाज निघाला. वारंवार म्हणजे वर्षात चारपेक्षा जास्त वेळा. ही रसायने वापरणाऱ्यांत सुमारे ६० टक्के स्त्रिया काळ्या होत्या. ‘चांगल्या केसांची’ किंमत कोण मोजते हे त्या आकड्यातच आहे. एकदा केल्याने आपल्या मुलीला कर्करोग होईल असे मी म्हणत नाही, आणि तशी भीती घालणेही चूक ठरेल. पण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे लग्नानंतर सहा महिन्यांत मुळाशी बोटभर कुरळे आणि खाली सरळ असे दुभंगलेले केस दिसू लागतात, जोडाच्या जागी ते तुटतात, आणि मग पुन्हा करावे लागते. ‘एकदाच’ करून थांबलेली मुलगी मी क्वचित पाहिली आहे.

उद्या तिला स्वतःला हौस म्हणून केस सरळ करावेसे वाटले तर मी तिला अडवणार नाही. बाटलीवरचे घटक आधी मला पाठव, टाळूवर एकही जखम नसताना कर, खोलीत हवा खेळती ठेवायला सांग, आणि झोंबले तर त्याच क्षणी धुऊन टाकायला लाव, एवढे सांगेन. पण आज तिने नाही म्हटले आहे. तेव्हा पार्लरची तारीख रद्द करावी. आत्याबाईंना निरोपाचा निरोप पाठवण्यापेक्षा आपण स्वतः भेटून सांगावे की केस तिचे आहेत आणि असेच राहतील. मुलीला एकटीला ही बाजू लढवायला लावू नका. आईने सांगितल्याचे वजन वेगळे असते. यावरून स्थळ मोडले तर वाईट वाटेल, मला त्याची कल्पना आहे.

साखरपुड्यासाठी तिचे केस त्यांच्या मूळ वळणात सुंदर दिसावेत यासाठी महिनाभर पुरे आहे. न्हाण्याआधी खोबरेल तेल लावावे, त्याने धुताना केसातील प्रथिने कमी झिजतात. केस कोरडे असताना विंचरू नयेत. ओले असताना कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकापासून सुरुवात करत वर जावे. टॉवेलने खसखसून पुसू नये, जुन्या सुती पंचात दाबून पाणी टिपावे. उन्हाळ्यात बोअरच्या जड पाण्याने केस राठ होतात, तेव्हा शेवटचे तांब्याभर पाणी नळाचे घ्यावे. मोगऱ्याचा गजरा कुरळ्या केसांत दोन पिनांवर रात्रभर राहतो, सरळ केसांतून तो घसरतो.

आणि तिला माझ्याकडे घेऊन या. कानशिलांजवळचे विरळ केस वर्षानुवर्षे ओढून बांधल्याने झालेले असावेत असा माझा अंदाज आहे. शाळेत दोन घट्ट वेण्या आणि रिबिनी सक्तीच्या असतात, आणि कुरळे केस चापून बसत नाहीत म्हणून ते अधिकच ओढले जातात. पुढे तीच सवय नोकरीत अंबाड्याला लागते. रोमकूप मिटले नसतील तर ओढ थांबवल्यावर तिथे केस परत येतात, मिटले असतील तर येत नाहीत, आणि हे भिंगाखाली पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. येण्याच्या दिवशी केस बांधू नका, तेल लावू नका. जसे आहेत तसे मोकळे सोडून या.